दीड की तीन, हे ठरवायचं कोणी?

आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेलं, पत्रे लागले, आत ठोकाठोक सुरू झाली. कोणी म्हणे बँक येतेय, कोणी म्हणे मिठाईवाला. एका शुक्रवारी रात्री अकराला खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या, तेव्हा कळलं, बार आलाय. ११२ ला फोन केला. बीट मार्शल आले, आवाज कमी झाला; ते गेले, आवाज वाढला. पुढचे दोन महिने हाच खेळ. मला आवाजाचा त्रास झालाच, पण त्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. त्या जागेसाठी डझनभर कागद फिरले असणार: उत्पादन शुल्क खात्याचा दारूचा एफएल-३ परवाना, महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना, अग्निशमनाचा दाखला, अन्न सुरक्षेची नोंदणी, पोलिसांची परवानगी. इतक्या सह्यांपैकी एकही सही गल्लीतल्या माणसासमोर झाली नाही.

रात्री उशिरापर्यंत हॉटेलं आणि बार चालू ठेवावेत का, हा वाद आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी पेटतो आणि प्रत्येक वेळी घड्याळापाशी येऊन अडतो. साडेअकरा की दीड? दीड की तीन? एका बाजूला संस्कृती बुडाली म्हणणारे, दुसऱ्या बाजूला मुंबईचं लंडन करायला निघालेले. माझं म्हणणं या दोघांनाही फारसं आवडणार नाही. वेळ किती, हा दुय्यम प्रश्न आहे. ती कोणी ठरवायची, कोणासमोर ठरवायची आणि ठरवताना कारण लिहून द्यायचं की नाही, हा खरा प्रश्न. तो आपण विचारतच नाही.

आज कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने महाराष्ट्रात दुकानं आणि खानावळी चोवीस तास उघड्या ठेवायला मोकळीक दिली. मद्य मिळणाऱ्या जागांच्या वेळा मात्र सरकारने वेगळ्या अधिसूचनेने बांधल्या. मुंबई-पुण्यात परमिट रूमची वेळ रात्री दीडपर्यंत; नाताळ आणि ३१ डिसेंबरला ती पहाटे पाचपर्यंत वाढवून मिळते. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मुंबईतले मॉल, गिरण्यांची आवारं अशा बंदिस्त, बिगर-निवासी जागांना रात्रभर चालू राहण्याची परवानगी दिली. त्या वेळीही बारची दीडची रेघ तशीच राहिली. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि सगळं शहरच नऊला झोपायला लागलं.

यातली गंमत पुढे आहे. २०१७ चा कायदा खानावळींना रात्रभर उघडं राहू देत होता, तरी बाराच्या सुमारास पोलिसांची गाडी यायची आणि काठी शटरवर वाजायची. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारला वेगळा शासन निर्णय काढून सांगावं लागलं, की मद्यविक्रीच्या जागा सोडून बाकी सगळं चोवीस तास चालू शकतं, अडवू नका. कायद्यात लिहिलेली गोष्ट कायदा राबवणाऱ्यांना कळायला आठ वर्षं लागली. की कळली होती, पण न कळण्यात फायदा होता? अकरानंतर भुर्जीपावची गाडी लावणाऱ्याला विचारा, तो उत्तर देईल. हिंजवडीत रात्रपाळी संपवून निघालेला पोरगा, ससूनच्या बाहेर नातेवाइकासाठी जागणारी बाई, यांना रात्री दोनला गरम काही मिळावं असं कोणाला वाटत नाही? पण ज्या शहरात बार दीडपर्यंत कायदेशीर चालतो, त्याच शहरात भुर्जीवाल्याचा स्टोव्ह बाराला विझवला जातो. नाइटलाइफच्या चर्चेत ही गाडी कधीच येत नाही, कारण तिच्याकडे पीआर एजन्सी नाही.

आता दारूच्या परवान्याकडे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मादक पेयं राज्य सूचीत आहेत, म्हणजे परवाना राज्याचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना जी बारावी अनुसूची दिली, तिच्यात अठरा विषय आहेत. त्यात अग्निशमन आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, कत्तलखाने आहेत, स्मशानं आहेत. मद्य नाही. आपला मूळ कायदा अजून १९४९ चा दारूबंदीचा. त्याच्या लेखी आजही महाराष्ट्रात दारू पिणं हा अपवाद आहे आणि प्यायला परवाना लागतो. परमिट रूम हे नाव तिथूनच आलं. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. तो खिशात ठेवून बारमध्ये बसलेला माणूस मी तरी आजवर पाहिलेला नाही. कागदावर बंदी आणि काउंटरवर गर्दी असली की मधल्या जागेत जे उगवतं त्याला आपण हप्ता म्हणतो.

पैशाचीही वाटणी पाहा. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात पाचावरून दहा टक्क्यांवर नेला. जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला चौदा हजार कोटींची जास्तीची कमाई डोळ्यासमोर ठेवून. बारमालक जुलैत एक दिवस शटर ओढून बसले. त्यांचा राग मी समजू शकतो. पण रस्त्यावरच्या फुटलेल्या बाटल्या उचलणारा सफाई कामगार महापालिकेचा, रात्री तुंबलेला रस्ता प्रभागाचा आणि महसूल मंत्रालयाचा. ज्याच्या दारात त्रास, त्याच्या हातात ना पैसा ना अधिकार. असा व्यवहार घरातही चालत नाही.

लोकांना अजिबातच हक्क नाही असं मात्र नाही. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी अर्ज केला तर दारूचं दुकान बंद करायचं का, यावर मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांनी हा हक्क भांडून मिळवला आणि कितीतरी गावांत वापरला. मला या तरतुदीबद्दल आदर आहे. पण शहरात ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण झालेल्या मतांच्या नव्हे तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. पुण्या-मुंबईत नगरसेवक निवडायलाच जेमतेम निम्मे लोक बाहेर पडतात, बाटलीसाठी कोण येणार? शिवाय ही कुऱ्हाड आहे. तिने झाड तोडता येतं, फांदी छाटता येत नाही. ‘बार राहू दे, पण गच्चीवरचं संगीत दहाला बंद करा आणि मागचं दार वापरू नका’ एवढंच ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी मतपत्रिकेवर खूणच नाही.

मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत आणखी एक गोष्ट जाहीर केली: गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवीन बीअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. टाळ्या पडल्या. मला हे पाऊल उलट दिशेचं वाटतं. सोसायटीची कमिटी म्हणजे पाच-सात माणसं. त्यांची सही बंद दाराआड होते आणि तिची किंमत ठरायला वेळ लागत नाही. लिफ्ट बदलून मिळाली, टेरेसचं वॉटरप्रूफिंग झालं, की हरकत विरघळते. त्यात त्या सोसायटीत न राहणारे, पण समोरच्या चाळीत राहणारे कुठेच नाहीत. सार्वजनिक निर्णय खासगी सहीवर सोपवला की तो बाजारात जातो.

मग काय करावं? इंग्लंडमध्ये २००५ पर्यंत दारूचे परवाने मॅजिस्ट्रेट देत. २००३ च्या कायद्याने, जो नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला, ते काम स्थानिक कौन्सिलकडे आलं. ज्या जागेचा अर्ज आहे तिच्या बाहेर फिक्या निळ्या कागदावर नोटीस अठ्ठावीस दिवस लावायची, स्थानिक वर्तमानपत्रात छापायची. ज्याला म्हणायचं आहे त्याने लेखी म्हणावं. हरकत आली तर तीन नगरसेवकांच्या उपसमितीसमोर सुनावणी होते. गुन्हे रोखणं, लोकांची सुरक्षितता, उपद्रव टाळणं आणि मुलांचं संरक्षण, या चारच मुद्द्यांवर बोलायचं. ‘दारू वाईट’ हे कारण चालत नाही. निर्णय कारणांसह लिहून द्यावा लागतो, त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, आणि परवाना मिळाल्यावरही त्रास झाला तर शेजारी फेरविचार मागू शकतो. बहुतेकदा उत्तर सरळ हो किंवा नाही असं नसतं. इतक्या वाजेपर्यंत, इतक्या माणसांपुरतं, दारं बंद ठेवून, बाहेर रांग लावायला माणूस नेमून, असं असतं.

त्या पद्धतीतही खोट आहे. हरकत घ्यायला ज्यांना वेळ आहे तेच घेतात, म्हणजे बहुधा वयस्कर घरमालक. २०१८ मध्ये लंडनच्या हॅकनी कौन्सिलने नव्या जागांसाठी आठवड्यात रात्री अकरा आणि शुक्रवार-शनिवारी बारा अशी मर्यादा धरायचं ठरवलं, तेव्हा तिथले तरुण खवळले होते. मला त्यांचंही पटतं. पण खवळायला त्यांना पत्ता तरी होता! कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला, कोणी हात वर केले, हे त्यांना माहीत होतं. आमच्या गल्लीच्या बाबतीत मी कोणावर खवळू? माहिती अधिकारात अर्ज करून सही कोणाची हे शोधेपर्यंत त्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

वरून एकच रेघ ओढल्यावर काय होतं ते सिडनीने पाहिलं. २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या राज्य सरकारने शहराच्या मध्यभागी आणि किंग्स क्रॉस भागात रात्री दीडनंतर बारमध्ये प्रवेश बंद आणि तीनला शेवटची ऑर्डर असा नियम लावला. मारामाऱ्या कमी झाल्या, हे खरं. पण शांतपणे चालणारी जागा आणि मारामारीचा अड्डा दोघांना एकच काठी बसली, संगीताची ठिकाणं बंद पडली, आणि मध्यवर्ती भागातला नियम जानेवारी २०२० मध्ये, किंग्स क्रॉसचा २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. आपलाही दीडचा आकडा असाच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात रात्री चिटपाखरू राहत नाही. तिथे तीनपर्यंत ग्लास वाजले तर कोणाची झोप मोडते? लोअर परळच्या एखाद्या आवारात, अग्निशमनाचे रस्ते मोकळे असतील तर, मी आनंदाने तीनची परवानगी देईन. आणि कोरेगाव पार्कातल्या किंवा बाणेरमधल्या बंगल्यांना चिकटलेल्या गच्चीवर मी साडेदहाला संगीत थांबवेन. तसंही ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतर पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. दीडपर्यंतचा परवाना आणि दहाची ध्वनिमर्यादा हे दोन्ही एकाच जागेला लागू असतात, आणि त्यातला फक्त एकच कागद दर्शनी भागात फ्रेम करून लावलेला असतो.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते पोर्श गाडीखाली गेले. चालवणारा सतरा वर्षांचा, आधी दोन ठिकाणी मित्रांबरोबर पिऊन आलेला. जामिनाची अट म्हणून त्याला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध सगळ्या देशाला पाठ झाला. पुढच्या काही दिवसांत पब सील झाले, बुलडोझर निघाले, गच्च्यांवरची बांधकामं पाडली गेली. आणि चर्चा कसली झाली? पुन्हा वेळेची. महाराष्ट्रात बीअरला एकवीस आणि इतर कडक मद्याला पंचवीस वर्षांची अट आहे. सतरा वर्षांच्या मुलाला रात्री साडेनऊला दिलेली दारूही तितकीच बेकायदा. त्या रात्रीचा प्रश्न दारात वय कोण तपासतं हा होता. आणि बुलडोझरने जी बांधकामं पाडली ती आदल्या आठवड्यात कोणालाच दिसत नव्हती का? दिसत होती. शेजाऱ्यांना रोज दिसत होती. त्यांचं म्हणणं नोंदवून घेणारं टेबलच नव्हतं.

या सगळ्यावर माझा एक मित्र (त्याचा स्वतःचा उडपी आहे, बार नाही) हसून म्हणाला, ‘अरे, नगरसेवकाच्या हातात दिलंस तर हप्त्यात आणखी एक वाटेकरी. दुसरं काय?’

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्याचं सगळ्यात भयानक उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे गावातल्या नाइट क्लबला आग लागून पंचवीस जण मेले. तिथे व्यापार परवाना पंचायत देते. म्हणजे मी मागतोय तो स्थानिक अधिकार तिथे होता. त्या क्लबचा परवाना मार्च २०२४ मध्येच संपला होता, तरी दारं उघडी होती. पंचायतीने बांधकाम पाडायचा आदेश दिला होता; वरच्या पंचायत संचालनालयात त्याला स्थगिती मिळाली. आग विझल्यावर पंचायत म्हणाली, आमचे हात बांधले होते. वरचे म्हणाले, परवाना संपल्यावर टाळं लावायला कोणी अडवलं होतं?

मला दोघांचंही खरं वाटतं. म्हणूनच अधिकार खाली आणला की काम झालं, असं मी म्हणत नाही. परवाना संपला हे गावातल्या किती लोकांना माहीत होतं? स्थगिती मिळाली ती कोणत्या कारणाने, हे क्लबच्या भिंतीवर लावलेलं होतं का? दारावर ‘या जागेचा परवाना ३१ मार्च २०२४ रोजी संपला’ असा एक कागद असता, तर किती पर्यटक आत गेले असते? अधिकार मुंबईत असो, पणजीत असो वा ग्रामपंचायतीत, तो कपाटात ठेवला की सडतो. मित्राच्या वाटेकऱ्याला मी नाही म्हणत नाही. पण तीस लोकांसमोर, इतिवृत्त लिहिलं जात असताना वाटा मागायला जास्त हिंमत लागते.

घटना न बदलता हे करता येईल. परवाना राज्याकडेच राहू दे, उत्पादन शुल्क खात्याने शुल्क खुशाल घ्यावं. पण दहानंतर संगीत आणि साडेअकरानंतर मद्य यांची परवानगी प्रभाग कार्यालयातल्या जाहीर सुनावणीशिवाय मिळणार नाही, असा नियम करायला सरकारला कोणी रोखलेलं नाही. विकास आराखड्यात रस्ता तीन मीटरने रुंद करायचा तरी आपण हरकती-सूचना मागवतो. मग इथे का नको? शटरवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, महिनाभर नोटीस. पोलीस निरीक्षकाने आणि अग्निशमन अधिकाऱ्याने समोर येऊन, लेखी कारणांसह हो किंवा नाही म्हणावं. उशिराची परवानगी एका वर्षापुरती. पुढच्या वर्षी तक्रारींची वही उघडून मगच नूतनीकरण. चांगल्या बारमालकाचाही यात फायदाच आहे. आज तो नियम पाळतो आणि शेजारचा हप्ता देतो, दोघांनाही दीडच. वर्षभर स्वच्छ नोंद असलेल्याला तीनपर्यंत मिळणार असेल तर नियम पाळण्याला पहिल्यांदा काही भाव येईल.

आणि ही सुनावणी घ्यायला माणसं हवीत. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६, जवळजवळ चार वर्षं मुंबई-पुण्याला नगरसेवकच नव्हते. सगळं प्रशासकाच्या एका सहीवर चाललं. पोर्शची रात्र त्याच काळातली. आता निवडणुका झाल्या आहेत, प्रभाग समित्या आहेत. २००९ मध्ये कायद्यात घातलेली क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभा, मात्र आमच्या भागात अजून कोणी भरलेली पाहिली नाही.

माझ्या या योजनेत एक भोक आहे आणि ते मला त्या गल्लीतल्याच एका पोराने दाखवलं. झोप मोडली म्हणून एकदा पहाटे सव्वादोनला खाली उतरलो होतो. त्या बारचा वेटर बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. मेट्रो कधीच थांबलेली, बस पाचला. रिक्षाला जाईल ती त्या रात्रीची टिप. ‘रोजच बसतो काका’, म्हणाला. २०१७ च्या कायद्यात साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रियांना घरी सोडण्याची तरतूद आहे, त्याच्यासाठी नाही. मी त्याला उत्साहाने सुनावणीची कल्पना सांगितली. मालकाला गाडीची अट घालता येईल, असंही म्हणालो. त्याने विचारलं, ‘तिथं मला बोलू देतील? माझं मत तर बीडला आहे.’

हडफड्याच्या पंचवीसांत वीस जण कामगार होते. बहुतेक बाहेरच्या राज्यांतले, काही नेपाळचे. त्या पंचायतीच्या मतदारयादीत त्यांच्यापैकी कोणाचं नाव असणार होतं?